हायकूची वही: आगोटीपासून चवथीपर्यंत

२६ मे

पेट्या ठोकायचं काम यंदापुरतं संपलं. उरलासुरला आंबा कॅनिंगला गेला, हातोडीला तेल लावून ती फळीवर ठेवली. आता लावणीचे दिवस सोडले तर गणपतीपर्यंत वेळच वेळ. ठरवलंय असं: आगोटीपासून, म्हणजे पावसाआधीच्या तयारीपासून, चवथीपर्यंत हायकू, म्हणजे जपानी धाटणीच्या तीन ओळींच्या कविता, लिहायचे, आणि कुठे काय अडलं, कशाने सुटलं ते तारीखवार टिपायचं. दुसऱ्या कुणाला हाच उद्योग करायचा असेल तर त्याचा वेळ वाचेल. याआधी मी कविता लिहिलेली नाही. चुलतभावाच्या लग्नपत्रिकेतल्या चार ओळी धरायच्या नसतील तर.

सामान: खिशात मावेल अशी वही २५ रुपये, निळं जेल पेन १० रुपये. नियम तूर्तास एवढेच: तीन ओळी, ५-७-५ अक्षरं, आणि त्यात कुठेतरी ऋतू.

२८ मे

कुणकेश्वरच्या पुळणीवर बसून पहिला लिहिला:

सांजसमुद्र
एकाकी मन माझे
लाटांत खोल

अक्षरं चोख भरतात. बाकी सगळं मेलेलं. मी एकाकी नव्हतोच. शेजारी भेळवाला होता आणि यंदा पाऊस लवकर येणार की नाही यावर आमची हुज्जत चालली होती. त्यातलं काहीही या तीन ओळींत उतरलं नाही. समुद्र दिसला की गाण्यांतले ठरलेले शब्द आपसूक रांगेत उभे राहतात. वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर बंदीची यादी केली: मन, एकाकी, अथांग, क्षितिज, हुरहूर, आठवण. भेळवाला चालेल.

३१ मे

मोजणीपायी संध्याकाळ गेली. बोटांवर मोजताना गोंधळ होतो म्हणून मोबाईलवर अक्षरं मोजणारं एक ॲप घेतलं. त्याने ‘प्लास्टिक’ या शब्दाची अक्षरं ९ दाखवली. प, पाय मोडल्याची खूण, ल, काना, असं सगळं ते सुटंसुटं मोजतं. आपल्या हिशेबाने अक्षरं तीनच: प्ला, स्टि, क. ॲप काढून टाकलं. अंगठ्याने बोटांची पेरं मोजत जायचं, हेच खरं.

दुसरी अडचण कानाची. ‘ओघळ’ लिहिताना तीन अक्षरं, बोलताना दोनच ठोके ऐकू येतात: ओ-घळ्. मग कागद धरायचा की कान? जपानीत तर मोजतात ते ‘ओन’, म्हणजे ध्वनीचं माप. दीर्घ स्वराचे दोन धरतात, त्यामुळे टोकियो त्यांच्याकडे चार भरतं: तो-ओ-क्यो-ओ. तसं करायचं म्हटलं तर मराठीत मात्रा मोजत बसावं लागेल. मी कागद धरला. आपल्या अभंगाची मोजणीही अक्षरांचीच आहे, ६-६-६-४, आणि तिच्यावर वारकऱ्यांचं कधी अडलेलं नाही.

३ जून

शाकारणी. सकाळपासून छपरावर. स्वयंपाकघरावरची कौलं उतरवली, झाडली, फुटकी बदलली. एक कौल उचललं तर खाली वाशावर पाण्याचा ओघळ, वाळून तपकिरी झालेला, कडेला बुरशीची पांढरी रेघ. गेल्या पावसात तिथूनच गळायचं आणि खाली आम्ही पातेलं ठेवायचो. रात्री लिहिलं:

कौल काढलं
आठवणींचे डाग
वाशावरती

‘आठवण’ बंदीच्या यादीत असूनही घुसली. काकीला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती, वर न बघता म्हणाली, “डाग पडलो तर साबण लाव, झिला.”

तिचं म्हणणं रास्त आहे. वाशावर आठवण नव्हती, ओघळ होता. शिवाय ‘वाशावरती’मधला ‘ती’ हा निव्वळ पाचवं अक्षर भरायला आणलेला.

कौल काढलं
वाशावर ओघळ
गेल्या सालचा

हा ठेवला. पातेल्याचा उल्लेख कुठेच केलेला नाही, पण ज्याच्या डोक्यावर कौलं आहेत त्याला ते दिसेलच.

८ जून

मिरग (मृग नक्षत्र) लागला आणि सकाळीच सर. खिशातली वही भिजली, जेल पेनची शाई पसरून पानंच्या पानं निळी. बऱ्याच कच्च्या ओळी गेल्या. आठवून परत लिहायला बसलो, पण जे येत होतं ते मूळचं नव्हतं, नुसतं त्याच्यासारखं होतं. त्या नादी लागू नये. बॉलपेनही ओलसर कागदावर उठत नाही. आता शिसपेन्सिल ५ रुपये, आणि वही धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत. पेन्सिलीला टोक करायला आंब्याच्या पेट्यांच्या सामानातलं ब्लेड आहेच.

११ जून

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. खाडीकाठी होड्या वर ओढून ठेवल्या आहेत. त्यावर हा:

होडी झाकली
झापाखालून कुत्रं
बघतं दर्या

दिवसभर स्वतःवर खूश होतो. संध्याकाळी पुन्हा तिकडून जाणं झालं. माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं कुठे आहेत? सगळ्या होड्यांवर निळं प्लास्टिक, दोऱ्यांनी बांधलेलं. कुत्रंही दर्या वगैरे बघत नव्हतं, गाढ झोपलं होतं. झापं मी लहानपणातून आणली होती आणि दर्या गाण्यांतून. दुरुस्ती तिथेच उभ्या उभ्या झाली:

होडी झाकली
निळ्या प्लास्टिकखाली
झोपलं कुत्रं

एका ओळखीच्या गुरुजींना दाखवला. प्लास्टिक हायकूत शोभत नाही असं त्यांचं मत पडलं. मला पटलं नाही. जपानी कवी मासाओका शिकी (१८६७–१९०२), ज्याने ‘हायकू’ हे नाव रूढ केलं, त्याचा सगळा भर ‘शासेई’वर होता: समोर आहे ते पाहून रेखाटायचं. आणि हा माणूस बेसबॉलचा इतका शौकीन की त्याने बेसबॉलवरही हायकू लिहिले. मग प्लास्टिकने काय घोडं मारलंय?

१५ जून

आजची नोंद लांबणार, कारण खरं काम इथे आहे.

जपानी हायकूत ऋतू सांगणारा शब्द असतो, त्याला ‘किगो’ म्हणतात. असे शब्द गोळा केलेले कोश असतात, ‘साइजिकी’. त्यात वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा आणि नवं वर्ष असे पाच भाग. आतापर्यंत मी त्या कोशातल्या शब्दांच्या धोरणाने लिहायला बघत होतो आणि काहीच जुळत नव्हतं. बेडूक त्यांच्याकडे वसंतात. आमच्याकडे फाल्गुन-चैत्रात बेडूक शोधायचा तर विहिरीत उतरावं लागेल. तो ओरडायला लागतो मिरगात. नुसतं ‘चंद्र’ म्हटलं की तिकडे शरद ऋतू ठरलेला. आणि त्यांचा जूनचा पाऊस, ‘त्सुयु’, उन्हाळ्याच्या भागात घालतात. पावसाळ्याला स्वतंत्र भागच नाही. कोकणात बसून हे चालवायचं कसं?

बरं, आपले सहा ऋतू घ्यावेत तर तेही पुस्तकातलेच. शिशिर आला म्हणून आमच्या वाडीत कुणी कुणाला सांगत नाही. ‘मोहोर दिसायला लागलो’ म्हणतात. म्हणून वहीचे भाग बोलण्यातले केले: आगोट, मिरग, लावणी, श्रावण, चवथ, कापणी, दिवाळी, जत्रा, मोहोर, शिमगा, आंबा. प्रत्येकाला दोन पानं.

आगोटीत आज एवढे शब्द पडले: शाकारणी, सुक्या मासळीची बेगमी, लाकूडफाटा आत घेणं, रातांब्यांची सालं वाळत घालणं, आठळ्या, होडी झाकणं, शेवटची करवंदं. मिरगात: मृगाचा लाल मखमली किडा, चढणीचे मासे, कुर्ल्या, टाकळा, पावशा पक्ष्याचं ओरडणं, वीज जाणं. वीज बारा महिने जाते असं कुणी म्हणेल, पण पहिल्या पावसात जाते ती वेगळी, ती येतच नाही.

निम्मे शब्द काकीचे. तिने ‘इरलं’ही सांगितलं. लिहिलं आणि खोडलं, कारण आता लावणीला सगळ्या रेनकोट नाहीतर खताच्या पिशव्या पांघरतात. जे काकीच्या डोक्यात आहे पण वाडीत नाही, त्याला शेवटचं वेगळं पान दिलंय. त्या पानावरून हायकू करायचा नाही, असा नियम. होडीवरच्या झापांनी एवढं तरी शिकवलं.

या यादीचा फायदा लगेच दिसतो. ‘शाकारणी’ एवढा एक शब्द टाकला की महिना, ऊन, घाई, छपरावरचा माणूस सगळं आलं. उरतात ती बारा-तेरा अक्षरं मोकळी.

२३ जून

काल आर्द्रा लागल्या. रात्री व्हाळाला (ओढ्याला) पाणी आलं आणि मासे चढतायत म्हणून पोरं ओरडत आली. अंडी घालायला मासे पाण्याच्या धारेला उलटे लागून वर शेतांत येतात. मी पकडायला नाही, बघायला गेलो. गुडघाभर पाण्यात उभा राहून डोक्यात जुळवलेला:

पहिला लोंढा
बॅटरीच्या झोतात
चढतो मासा

सकाळी बघितलं तर दोन दोष. एक म्हणजे ऋतुशब्द दोन झाले. पहिला लोंढा आणि चढणीचा मासा, दोन्ही मिरगाचेच. एकाच हायकूत दोन किगो जपानीतही नवख्याला टाळायला सांगतात. एकाने भागत असताना दुसरा फुकट जागा अडवतो. दुसरा दोष मोठा: हे सरळ एक वाक्य आहे. कुठे तुटत नाही. जपानी कवी बाशोचा बेडकाचा प्रसिद्ध हायकू (१६८६) बघा. त्याच्या पहिल्या ओळीच्या शेवटी ‘या’ येतो. त्या ‘या’ला अर्थ नाही, तिथे थांबायचं असतं. अशा शब्दाला ‘किरेजी’ म्हणतात. एका बाजूला जुनं तळं, दुसऱ्या बाजूला उडी, मधे थांबा. मराठीत असा शब्द नाही, म्हणून मी आडवी रेघ वापरून बघतोय. तपासायची युक्ती: पहिल्या ओळीनंतर पाणी प्यायला थांबावं. पुढच्या ओळी ऐकल्याशिवाय पहिली लोंबकळत राहिली तर तुकडा पडलेला नाही.

आणि झोतात मासा दिसला हे खरं, पण लक्षात राहिलं ते वेगळंच. बॅटरी मधेच गेली, काळोख झाला, आणि पायाला काहीतरी थंड, गुळगुळीत घासून वर गेलं.

बॅटरी गेली –
पोटरीला लागून
चढला मासा

आतापर्यंतच्या वहीत मला हा सगळ्यात आवडतो. यात डोळ्यांना काहीच काम नाही.

१ जुलै

तालुक्याच्या वाचनालयात गेलो होतो. मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी (१९२९–२०१७), आचार्य अत्र्यांची मुलगी. त्यांच्याकडे मोजणीचा काच नाही. तीन लहान ओळी आणि त्यांतल्या दोन ओळींना यमक. वाचताना वाटतं हे तर आपल्यालाही जमेल. घरी येऊन यमक बसवायला घेतलं:

तरवा हाती
पायाखालची ओली
लाल ही माती

तरवा म्हणजे लावणीची भाताची रोपं. हाती-माती जुळलं आणि ऐकायला भोंडल्याचं गाणं झालं. त्यातला ‘ही’ बघा. नसता तर काय बिघडलं असतं? एक अक्षर कमी पडलं असतं, बास. यमक आणि मोजणी दोन्ही एकदम सांभाळायला गेलं की असे भरतीचे शब्द येतात: ही, तो, जरा, जणू, रे, हळूच. ‘हळूच’ तर माझ्या वहीत पानोपान सापडला. सगळे पेन्सिलीने गोल केले. गोल केलेला शब्द काढून अर्थ तसाच राहिला तर तो गेला, मग अक्षरं चार उरोत की सहा. यमक मात्र सध्या बंद. त्याला कान तयार लागतो, माझा नाही.

९ जुलै

लावणी. काही लिहिलं नाही. कंबर.

२२ जुलै

लावणी उरकली. पुष्य नक्षत्र, म्हातारा पाऊस. आधीचा पुनर्वसूचा तो तरणा. तरणा धो धो येऊन जातो, म्हातारा दिवसभर किरकिर करत बसतो. पायवाटेवर शेवाळ, व्हाळावरून पलीकडे जाता येत नाही, घरातच. बघायला नवीन काही नाही अशी तक्रार वहीत लिहिली आणि मग शिकीचंच आठवलं. क्षयाने मणका पोखरला होता, शेवटची वर्षं त्याने अंथरुणात काढली, आणि खोलीतून जी बाग दिसायची तिच्यावर लिहीत राहिला. आपल्याकडे निदान स्वयंपाकघर आहे.

म्हातारा पाऊस –
चुलीवर सुकतो
शाळेचा शर्ट

पहिली ओळ सहा अक्षरांची आहे. ‘म्हाताऱ्या सरी’ केलं की पाच होतात, पण असं कुणी बोलत नाही. सहा राहू दिली. बाशोच्याही काही हायकूंत सतराच्या वर गेलेलं आहे. पुतण्याचा शर्ट दुसऱ्या दिवशी धुराचा वास घेऊनच शाळेत गेला. ते तीन ओळींत घालायचा मोह झाला होता, आवरला.

२७ जुलै

काकीला घेऊन रेशनला गेलो. यंत्रावर तिचा अंगठा लागेना. पुसून, पदराला घासून, दुसरं बोट, तिसरं बोट. लावणीच्या चिखलाने आणि तरव्याच्या मुळांनी बोटांच्या रेघाच गुळगुळीत झालेल्या. आमचं कार्ड एकत्र, म्हणून शेवटी माझा अंगठा चालला. येताना वाटेतच झाला, एका अक्षराची दुरुस्ती न होता:

लावणी झाली –
रेशनला लागेना
काकीचं बोट

माणसाच्या फजितीवर याच मापात लिहिलं तर जपानीत त्याला ‘सेनर्यू’ म्हणतात, अठराव्या शतकातल्या कराई सेनर्यू याच्या नावावरून. त्याला ऋतुशब्दाची गरज नसते. मग हा काय? लावणी आहे, म्हणजे ऋतू आहे, फजितीही आहे. मी तो ‘लावणी’च्या पानावर ठेवला. काकीला ऐकवला. तिला हसू आलं नाही. म्हणाली, “बोट माझा, आणि गाना तुझा.” वहीत तिचं नाव लिहू का विचारलं, तर नको म्हणाली.

१० ऑगस्ट

सड्यावर (कातळाच्या पठारावर) सीतेची आसवं फुललीत. कातळावर पाणी साचून राहतं तिथे बोटभर देठावर इवलीशी निळीजांभळी फुलं, लांबून बघितलं तर आभाळाचा तुकडा सांडल्यासारखा पट्टा. याच्यावर एक तरी करायचाच म्हणून रोज सकाळी जातोय आणि रोज मोकळ्या हाताने परततोय.

अडचण नावात आहे. ‘सीतेची आसवं’ म्हटलं की पहिल्याच ओळीत सहा अक्षरं आणि सगळी करुणा संपून जाते. त्यापुढे काहीही लिहा, रडं होतं. नाव न घेता ‘निळं फूल’ म्हटलं तर कुठलंही फूल. झाड कीटक खाणारं आहे, मुळापाशी बारीक फुगे असतात आणि त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. तेही घालून बघितलं. सीता आणि शिकार एकत्र आणल्यावर हायकू चलाख होतो, ‘बघा कसं पकडलं’ असं म्हणतो. खोडला. वीसेक ओळी या फुलापायी गेल्या असतील. पान कोरं आहे, मथळा तेवढा आहे.

१ सप्टेंबर

चवथ आली, गणपतीवर माटोळी (फळापानांचं छत) बांधायची आहे, त्यामुळे हिशेब आजच. वह्या दोन (दुसरी ३० रुपयांची, पहिलीला बुरशी धरली), पेन वाया, पेन्सिली पुरल्या. बुरशी टाळायला वही रात्री चुलीच्या भिंतीला टेकवून ठेवावी, पण जवळ नाही. माझ्या दुसऱ्या वहीचा एक कोपरा तपकिरी झालाय. ठेवलेले हायकू या नोंदींत आहेत तेच, अजून दोन-चार आहेत ते दाखवण्यासारखे नाहीत. सगळ्यात जास्त वेळ मोजणीने खाल्ला आणि मोजणीने एकही हायकू सुधारला नाही. ऋतुशब्दांच्या पानांनी सुधारले. कुणी सुरुवात करणार असेल तर त्याने आधी आपल्या वाडीची पानं भरावीत. दापोलीकडच्याला माझी पानं चालणार नाहीत, वेंगुर्ल्याच्यालाही सगळी नाहीत.

माझीही अर्धी रिकामी आहेत. कापणी, दिवाळी, जत्रा, मोहोर. काल वही चाळताना समुद्रपक्ष्यांवरचा एक सापडला, कुरव पुळणीवर उतरलेत असा. बरा आहे, पण कुरव आमच्याकडे येतात थंडीत. ऑगस्टमध्ये मी ते कुठे बघितले? खोडला नाही, समोर ‘जत्रा’ लिहून ठेवलंय. डिसेंबरात पुळणीवर जाऊन ताडून बघेन.